परतीची रेघ

आलुकी : मामा, हा जीपीएस बिघडलाय. आपण इथं गोठलेल्या समुद्रावर चहा पीत बसलोय आणि हा म्हणतो, तुम्ही पूर्वेकडे चाललाय!

उयाराक : किती वेगानं?

आलुकी : तासाला दोन किलोमीटर. हस की! बर्फावरची गाडी बंद, शिकारीला एकाही सीलचा पत्ता नाही, तू पोत्यासारखा बसलायस.

उयाराक : आई, उठ. आपल्या गाडीचा माग कुठवर जातो, बघून ये.

आलुकी : आजीचं नाव मला दिलं म्हणून आई आई करतोस, आणि वर हुकूम सोडतोस! माग हा काय, नाकासमोर गावाकडे गेलाय.

उयाराक : बर्फ चालला की मागही सोबत चालतो. त्याचा शेवट बघ. बर्फाच्या काठापासून लांब राहा.

(ती जाते. बऱ्याच वेळानं धापा टाकत परत येते.)

आलुकी : माग पाण्यात संपलाय, मामा. पलीकडचा बर्फ पार लांब गेलाय.

उयाराक : तुटला म्हणजे. सकाळी जमिनीकडून वारा सुटला तेव्हाच म्हटलं होतं, काठाला जायला नको.

आलुकी : आणि मी म्हटलं, परतीची रेघ आहे या जीपीएसमध्ये. अजूनही आहे बघ. सरळ आपल्या गावाला, इग्लूलिकला जातेय, पाण्यावरून.

उयाराक : तुझ्या उपग्रहाला वरून पाणी दिसत नाही वाटतं.

आलुकी : टोमणे नंतर मार. मदतीचं बटण दाबलंय. उत्तर आलं... धुकं निवळलं की हेलिकॉप्टर निघेल. तोवर यंत्र चालू ठेवा. गाव अकरा किलोमीटर... नाही, बारा झाले!

उयाराक : आण इकडे. थंडीनं बॅटरी मरेल. अंगाशी धरतो.

आलुकी : मला आता पायाखाली हलल्यासारखं वाटतंय. मघाशी काहीसुद्धा नव्हतं. आकडा बघितलाच नसता तर बरं.

उयाराक : मग अजून चहाच पीत असतो. एवढा म्हातारा झालो, पण मलाही कळलं नाही.

आलुकी : तू घाबरलायस?

उयाराक : हो. पाच वर्षांचा होतो तेव्हा असाच वाहून गेलो होतो. तीन दिवस. तुझ्याबरोबर.

आलुकी : आजीबरोबर.

उयाराक : तेच म्हणतोय. हे घे, मला आकडे दिसत नाहीत. गाव किती लांब राहिलं, आई?

आलुकी : ...अकरा.

उयाराक : मघाशी बारा होतं. वारा तर तसाच आहे.

आलुकी : वाऱ्याचं सोड. अकरा म्हणतेय ना मी? जवळ सरक, गारठशील.

उयाराक : तेव्हाही मला असंच सांगितलं होतंस.