आक्कांचा चक्का चार दिवस टिकायचा

जमलेल्या बायांनो, भावांनो, हिंडलग्याहून आलेल्या पाव्हण्यांनो, आक्कांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय खरं. पाणी नको गं, बस तू. बोलते मी.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. दही फडक्यात बांधून टांगायचं, पाणी गळालं की चक्का. आमच्या घरात हे आधीपासनं चालत आलेलं. पण दुसऱ्या दिवशी तो आंबायचा. आक्कांनी ठरवलं, कसली पावडर न घालता चार दिवस टिकवायचा आणि विकायचा. गळालेलं पाणीसुद्धा त्या ओतू द्यायच्या न्हाईत. "अगं, केवढी ताकद हाय ह्यात, गटारीला पाजतीस व्हय?" म्हणायच्या आणि त्यातच भाकरीचं पीठ मळायच्या. आम्ही हसायचो. नंतर आमचीच पोरं ती भाकरी मागून खायला लागली.

आक्कांचा नियम एकच. फडकं रोज उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं. सासूबाई म्हणायच्या, उकळलं की चव जाते, नुसतं खळबळून टाकावं. ह्यावरनं घरात लई वाजलं. पण चक्का चार दिवस टिकला. खासबागेतली गिऱ्हाइकं घर शोधत यायला लागली.

मग दोन महिन्यांमागं ती कॅम्पातली बारशाची ऑर्डर. आठवतीय ना सगळ्यांना? तिसऱ्या दिवशी चक्का बुळबुळीत झाला, वास सुटला, दोन पोरांची पोटं बिघडली. तुमच्यातलीच काही जणं दारात येऊन म्हणाली, "ह्या वयात कशाला पायजेत असले उद्योग?" आक्कांनी नुसते हात जोडले. तिथनं गिऱ्हाईक बंद.

खरं सांगू? तो चक्का मी बांधला होता. आक्का डोळे तपासायला गेलत्या. पावसानं फडकी वाळली नव्हती. मी सासूबाईंचं जुनं फडकं खुंटीवरनं काढलं, पाण्यातनं खळबळलं आणि दही बांधलं. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय!

पुढं आक्का रोज पातेली घासायच्या, विरजण बदलायच्या, हुंगून बघायच्या. मला विचारायच्या, "कुठं चुकलं गं माझं?" आणि मी काय म्हणायची? "मला काय कळतंय त्यातलं, आक्का." एकदा न्हाय. रोज. गेल्या मंगळवारी सकाळीसुद्धा त्यांनी थोडं दही टांगलं होतं. ते गळायच्या आत आक्का गेल्या.

लाज वाटते मला. जित्या माणसासमोर तोंड उघडलं न्हाय आणि आता फोटोसमोर बोलतीय.

आक्का, तुमचं काही चुकलं नव्हतं. फडकं मी बदललं होतं. बायांनो, माझ्यावर रागवायचं तर खुशाल रागवा. पण इथनं बाहेर पडल्यावर चार जणांना सांगा, आक्कांचा चक्का चार दिवस टिकत होता.

आता उठूया सगळी. दोन मिनिटं गप्प उभं राहायची रीत हाय, तुम्ही राहा. मी दोन महिने गप्प राहिले. आज माझ्यानं व्हायचं न्हाय.