अण्णांची पानसुपारी

कुळकायद्याच्या वेळी आमच्या पक्षातच दोन तट पडले होते, बरं का. आम्ही कुळं म्हणत होतो, कसेल त्याची जमीन, असा ठराव आजच करा; जमीनवाले म्हणत होते, घाई नको. चाकणचे आमचे अध्यक्ष अण्णा ना इकडचे ना तिकडचे. आमचा ठराव निघाला की ते पानसुपारी फिरवायला सांगायचे. पान हातात पडलं की सभा संपली, असा रिवाज.

त्या दिवशी पानाचं तबक मीच मांडीवर घेऊन बसले.

अण्णा म्हणाले, "पारू, पान फिरव की."

"न्हाई. आधी ठराव."

"अगं, जरा सबुरीनं घे. लोकं खोळंबलीत," म्हणत त्यांनी पानासाठी हात पुढं केला.

म्हटलं, "अण्णा, हाच हात ठरावाला वर करा. त्याच हातावर पान ठेवते."

सगळी सभा त्या हाताकडं बघायला लागली, तसा तो हळूहळू वर गेला.

पान काही अण्णांनी खाल्लं नाही. ठराव मात्र झाला.