अठरा तारखेचा अंक

पुतणी : तेच तर सांगतेय काका, नेटवर पाच ठिकाणी मिळालं. दोन संकेतस्थळं, एक प्रबंध, एक ज्ञानकोश आणि कुणाचा तरी व्हिडिओ. सगळे म्हणतात, गोदीच्या संपात वजनकाट्यावरच्या माणसाने पोलिसांना नावं दिली.

काका : मग झालं की. पाच-पाच आधार मिळाले तुला.

पुतणी : पाच कुठले, एकच. पाचही जण तुमचंच पुस्तक पुढे करतात, पान एकशे बारा. म्हणून तुमची तळटीप पाहिली. वर्तमानपत्राचा अठरा तारखेचा अंक, पान तीन.

काका : ते अंक आता कुठे मिळायचे! वाळवीने केव्हाच खाल्ले असतील.

पुतणी : ग्रंथालयाने सगळे स्कॅन करून टाकलेत. सतराचा आहे, बावीसचा आहे. मधले चार नाहीत.

काका : गाळले असतील. हल्ली कामं कशी उरकतात, बघतेस ना.

पुतणी : बावीसच्या अंकात पहिल्याच पानावर चौकट आहे. वाचते. ‘छापखान्यातील कामगारही संपात उतरल्याने चार दिवस अंक निघू शकला नाही. वाचकांनी क्षमा करावी.’

(काका चष्मा काढून पुसत बसतात. काचा स्वच्छच असतात.)

काका : दार लोटून घे जरा. तुझ्या काकूला नको ऐकायला.

पुतणी : तुम्ही तो अंक पाहिलाच नव्हता ना?

काका : संघटनेतला एक म्हातारा छातीठोकपणे म्हणाला, धरपकडीच्या दुसऱ्याच दिवशी पेपरात आलं होतं, मी स्वतः वाचलंय. पुस्तकाचे संपादक अडून बसलेले, आधार नसेल तर ओळ छापणार नाही. मग मी दिवस मोजले आणि तारीख टाकली.

पुतणी : आणि पान तीन?

काका : गावच्या बातम्या पान तीनवर असायच्या.

पुतणी : तुरुंगाची नोंदवहीही आता नेटवर आहे. ते हस्ताक्षर लावता लावता माझे डोळे गेले. संपात पकडलेल्यांत सातवं नाव त्या वजनकाट्यावरच्या माणसाचंच आहे. सहा आठवडे आत होते.

काका : सहा आठवडे. आणि मी त्यांना फितूर करून ठेवलं.

पुतणी : ते गेले तेव्हा गोदीतलं एक माणूस दारात आलं नाही म्हणे.

काका : त्यांची मुलगी माझ्याकडे आली होती.

पुतणी : शिवणवाल्या मावशी ना. माझे शाळेचे फ्रॉक शिवायच्या त्या.

काका : त्याच. पुस्तक आलं त्या वर्षी. तू बसलीयस त्याच खुर्चीवर बसली होती. म्हणाली, सर, पेपरचं ते पान मला एकदा बघू द्या. मी काय म्हणालो माहितेय? बाई, इतिहास भावनेवर चालत नाही, पुराव्यावर चालतो.

पुतणी : काका!

काका : मग दर गुरुवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, ती ग्रंथालयात जाऊन तो अंक मागायची. गठ्ठे जीर्ण झालेत, हात लावायला देत नाही, असं सांगून ग्रंथपाल तिला परत पाठवायचा. मला हसत हसत सांगायचा. मीही हसलो गं त्याच्याबरोबर. आता इतकी लाज वाटतेय की तुझ्याकडे बघवत नाही.

पुतणी : मग काय करायचं?

काका : नव्या आवृत्तीत शेवटी बारीक अक्षरात एक दुरुस्ती टाकू.

पुतणी : नवी आवृत्ती कोण काढतंय? आणि बारीक अक्षरात का? त्यांचं नाव घेताना अक्षर चांगलं ठसठशीत होतं. ज्ञानकोशाला मी आज कळवते, चूक तुमची म्हणून. मावशींकडे मात्र तुम्ही जायचं.

काका : आज गुरुवार. दुकान बंद असेल.

पुतणी : घरी आहेत. वाट बघताहेत.

काका : माझी?

पुतणी : त्या पानाची. मला शोधायला त्यांनीच सांगितलंय. सापडलं तर कागदावर छापून आण म्हणाल्या.