मापट्याची सही

डॉक्टर : काका, तुम्ही सुटलात. आजपासून तुमच्यावर दारूची चाचणी व्हायची नाही.

मापटं : खरंच?

डॉक्टर : खरंच. आता मी असं काही बोललेच नाही असं समजा. साहेबांच्या मंजुरीचा कागद अजून व्हायचाय.

मापटं : म्हणजे सुटून परत आत आलो. चहा निवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो, डॉक्टरताई.

डॉक्टर : बसा. मला इथे लागून आठवडाच झाला. तुमचं काम नक्की काय, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मापटं : पिणं. पिऊन गाडी चालवणारे पकडायची यंत्रं हा कारखाना बनवतो. यंत्राला तपासायला खरं तोंड लागतं, ते माझं. सकाळी दहाला माप घ्यायचं, यंत्रात फुंकायचं, मग जमिनीवरच्या त्या पांढऱ्या पट्टीवरून चालून दाखवायचं. अकरा वर्षं झाली. म्हणून तर सगळे मला मापटं म्हणतात. घरी हीसुद्धा.

डॉक्टर : पहिल्या वर्षी माप दोन पेले होतं. आता पाऊण बाटली?

मापटं : नियम आहे. लक्षणं दिसेपर्यंत माप वाढवावं. माझी दिसतच नाहीत. लक्षणांच्या रकान्यात अकरा वर्षं 'काही नाही', 'काही नाही'. त्याबद्दल कंपनीनं ढाल दिलीय, स्थैर्याबद्दल.

डॉक्टर : आणि इथल्या त्या टायपिस्टबाई? त्यांनीही चाचणी दिली म्हणे.

मापटं : त्या हौसेनं आल्या होत्या. अर्धा पेला घेतला आणि कपाटाला आत्या म्हणाल्या. मग आत्या रुसली म्हणून रडल्या. साहेबांनी शेरा मारला, 'उमेदवार कच्ची'.

डॉक्टर : कच्ची कसली, नशीबवान! एक तर बाई, त्यात किरकोळ बांध्याची. अंगात पाणी कमी, सकाळपासून पोटात काही नाही. शिवाय दारू पचवायची ताकद सगळ्यांना जन्मतः सारखी मिळत नाही. तिच्या अंगानं अर्ध्या पेल्यात बोंब ठोकली. तुमचं अंग बोंब मारायचंच विसरलंय.

मापटं : म्हणजे मी दणकट नाही?

डॉक्टर : आग लागली आणि धोक्याची घंटा वाजली नाही, तर घर दणकट म्हणायचं का? तुमच्या मेंदूनं जुळवून घेतलं, काका. यकृतानं नाही. त्याच्यावर पाऊण बाटली पाऊण बाटलीसारखीच पडते. डोळे पाहिलेत आरशात?

मापटं : ही म्हणते, पिवळे झालेत. मी म्हटलं, शेजाऱ्यांनी भिंत रंगवलीय, तिचा उजेड पडतो.

डॉक्टर : तिला खोटं सांगू नका. असंच चाललं तर पुढचं वर्ष दिसेल, असं मी लिहून देणार नाही.

मापटं : ...मग उद्यापासून बंद.

डॉक्टर : अजिबात नाही! एकदम तोडलीत तर झटके येतील, जिवावर बेतेल. दवाखान्यात राहून, औषधं घेत, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडावी लागते.

मापटं : छान. पुढे दार बंद, मागेही बंद. तरी म्हटलं, रविवारी सुट्टी, माप नाही, की पाण्याचा पेला तोंडाला न लागता कानाला का लागायचा! म्हणून आता रविवारीही घरी तेच माप घेतो. बिनपगारी.

डॉक्टर : आणि कंपनीच्या पत्राशिवाय दवाखाना भरती करून घेत नाही. साहेबांना बोलावलंय मी.

(साहेब कागद घेऊन आत येतात.)

साहेब : झालं, पत्र तयार आहे! मापट्या, या अर्जावर सही ठोक आणि जा.

मापटं : द्या पेन.

साहेब : थांब. आधी फुंक. सही शुद्धीत व्हायला हवी. यंत्रात शून्य आलं तरच ग्राह्य.

मापटं : साहेब, मागल्या महिन्यात माल आला नव्हता, घरचंही संपलं होतं, तेव्हा शून्य आलं होतं. त्याच दिवशी मी बदलीचा अर्ज दिला.

साहेब : तो नामंजूर झाला. सही दप्तरातल्या सहीशी जुळेना. पेनाला थंडी वाजल्यासारखी होती.

मापटं : हात हलत होता!

साहेब : दप्तरातली बघ, किती सुबक.

मापटं : ती माप घेऊन केलेली.

साहेब : मग माप घेऊन कर, जुळेल.

मापटं : पण शून्य येणार नाही.

साहेब : मग ग्राह्य नाही.

डॉक्टर : अहो, म्हणजे हा माणूस शुद्धीत असला तर सही त्याची नाही, आणि सही त्याची असली तर तो शुद्धीत नाही!

साहेब : बघा, तुम्हाला आठवड्यात समजलं. हुशार आहात.

डॉक्टर : दुसरा माणूस नेमा ना!

साहेब : जाहिरात दिलीय. एवढं माप घेऊन पट्टीवरून सरळ चालला पाहिजे, एवढीच अट. तिघे आले, तिघेही पट्टीवर झोपले.

डॉक्टर : कारण ते माणसासारखे प्यायले! आणि याला बघून तुम्ही पत्रकात छापलंत, एवढी घेऊनही माणूस सरळ चालतो म्हणून. ते वाचून कोणी गाडी काढली तर?

साहेब : पण चालतोच की. मापट्या, दाखव चालून.

मापटं : चालून जाऊ कुठे, साहेब? पट्टी भिंतीपाशी संपते.

साहेब : बरं, असं कर. सही राहू दे. तोंडी विनंती सांग, नोंद करून वर पाठवतो. तोंडी विनंतीला आजवर उत्तर आलेलं नाही, पण नोंद चोख होते.

डॉक्टर : मी लिहून घेते, काका. सांगा.

मापटं : लिहा. महोदय, सादर विनंती की, दप्तरातली सुबक सही ज्या इसमाची आहे, तो कंपनीने खुशाल ठेवून घ्यावा. हलत्या सहीचा इसम तेवढा त्याच्या बायकोकडे परत करावा. कळावे.