चंद्राची खाट

जमलेल्या बहिणींनो, बंधूंनो, आज चंद्राच्या शोकसभेत बोलणं जड जातंय. तरी उभी राहिले, कारण मघाशी एकजण म्हणाले, "चंद्राला दवाखान्यात पहिल्यापासून आपुलकी मिळाली." नाही मिळाली. तिला व्हरांड्यात झोपवलं होतं. झोपवणारी मी. साताऱ्यातल्या त्या दवाखान्यात तेव्हा मी इन्चार्ज सिस्टर होते.

चंद्रा म्हसवडची, तृतीयपंथी. न्यूमोनिया घेऊन आली. पुरुषांच्या वॉर्डात लोक हसले. बायकांच्या वॉर्डात घ्यायचा नियम नाही, असं मी सांगितलं. कुठे लिहिला होता तो नियम? कुठेच नाही. मी कधी बघितलंच नव्हतं.

दोन दिवस ती वाऱ्यावर. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आवं सिस्टर, औषध छातीला देताय आन् वारं बी छातीलाच. जिंकंल कोण?"

बायकांच्या वॉर्डातून शिराळ्याची एक म्हातारी खाटेवरूनच ओरडली, "हिकडं आणा की तिला! शेजारची खाट मोकळी हाय. माझी सून तर फिरकत न्हाई. ही बोलंल तरी!"

"आजी, बाकीच्या बायकांना चालेल का?"

"आमाला इचारलं कवा तुमी?"

खरंच, कधी विचारलं होतं? त्याच दुपारी चंद्रा आत आली.

बरी झाली, आणि मग दर सोमवारी येऊ लागली. दवाखान्याच्या धाकानं दुखणं अंगावर काढणाऱ्या आपल्यासारख्या तृतीयपंथी माणसांना हाताला धरून आणायची. रांगेत कुणी फिदीफिदी हसलं की म्हणायची, "हसा गड्यांनो, पर नंबर सोडू नका." जाताना मला विचारायची, "व्हरांडा न्हाई ना आता?" दर सोमवारी विचारायची. दर सोमवारी मी म्हणायचे, नाही. मी निवृत्त झाले. नव्या सिस्टरांनाही ती तेच विचारत राहिली.

गेल्या आठवड्यात तिचं हृदय थांबलं. बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिच्या तोंडात पाणी घातलं. एवढं तिनं मिळवलं. तिनं, मी नव्हे.

आता उभे राहू. माना खाली नकोत, तिला आवडायचं नाही. फक्त गप्प राहू.

बसा. कुणाला दाखल करावं लागलं तर असावी म्हणून ती दर सोमवारी एक पिशवी आणायची, ती दवाखान्यातून माझ्याकडे आली होती. एक चादर, स्टीलचा पेला, कंगवा. ती पिशवी आत्ता, सर्वांसमोर, चंद्राची मैत्रीण मंगल हिच्या हाती देते. मंगल, उद्या सोमवार. म्हसवडहून दोघी पहिल्यांदाच दवाखान्यात येणार आहेत, त्यांना आता तू हाताला धरून आण.