कोपऱ्यातलं हवामान

"यंत्र हा माणसाचा नोकर असतो, मालक नव्हे!"

कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात, रांगेत माझ्या पुढे उभे असलेले निवृत्त मुख्याध्यापक गरजले. त्यांच्या हातातला लॅपटॉप बाईच्या आवाजात म्हणाला, "नमस्कार! आज मी आपली काय मदत करू?"

"आधी ही बया काढा."

"काढली, सर," दुकानदार म्हणाला. "बातम्या?"

"काढा. दर दोन मिनिटांनी कुणीतरी राजीनामा देतं."

"आणि ते खेळही काढा हो," शेजारी उभ्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "थोरल्या भावाला माफीचं पत्र लिहायचंय म्हणून घेतला हा. चार महिने झाले, 'प्रिय दादा'च्या पुढे गाडी सरकलेली नाही."

"अगं, या जाहिराती लिहू देतील तर ना! एका दमात लिहीन मी."

"सहा वर्षं अबोला धरलात, तेव्हा कुठल्या जाहिराती आड येत होत्या?"

"जाहिराती गेल्या, सर. स्क्रीनच्या कोपऱ्यात एवढं हवामान राहिलंय. पण हे इथलं दिसत नाही."

"असेल काहीतरी. यंत्रच ते."

"बघू?" पत्नी पुढे वाकल्या. "अहो, हे तर दादांच्या गावचं आहे!"

"काढू का, सर?"

"नको. त्याला गारठा सोसत नाही."

"मग पत्र आज लिहिणार ना?"

"लिहितो म्हटलं ना! अहो दुकानदार, तो तापमानाचा आकडा तेवढा जरा मोठा करून द्या."