जोडखडकाची वाट

हं, असे पुढे सरका. ऐका. सुदेश, तूही ऐक, उठून जाऊ नको. उद्या रात्री तू या पाहुण्यांना घेऊन खोल पाण्यात गळ टाकायला निघणार, हे मला तुझ्या आईकडून कळलं. जा की! मी कुठे नको म्हणतो? पण जोडखडकाच्या मधून पलीकडे जाणार म्हणालास, म्हणून मी आज काठी टेकत इथवर आलो. नाहीतर या वयात मला नऊ वाजता झोप लागते.

घाटावरची मंडळी बसलीत, तेव्हा जरा सांभाळून बोलतो. आमची मालवणी सुरू झाली तर निम्मं डोक्यावरून जायचं तुमच्या.

तर ऐका. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. माझी स्वतःची बोट होती, मीच तिचा तांडेल. आता दर दहा घरांत एक जण पाहुण्यांना समुद्रात नेतो. पण हौसेने मासे धरणाऱ्यांना बोट भाड्याने द्यायची, रात्री निघायचं, दिवस उजाडल्यावर परत आणायचं, हा धंदा आमच्या बंदरात पहिल्यांदा मी सुरू केला. हो, मीच! भिवा तारी. लोक हसायचे. म्हणायचे, मासे धरायला पैसे देणारा येडा कोण भेटणार याला?

भेटले की. कोल्हापूरचे दातांचे डॉक्टर, सरनोबत. बरोबर त्यांची बायको मृणालताई, शाळेत शिकवायच्या. आणि ताईंचा भाऊ अजित. अंगाने पैलवान, पण पोहता येत नव्हतं. हे तिघे. बोटीवर मी आणि माझा इंजिनवाला लाडू कुबल. आम्ही दोघे. झाले पाच.

अमावस्येची आदली रात्र. जेवणं उरकून निघालो. धक्क्यावरचा दिवा गेलेला, डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. मी मागे सुकाणूपाशी. लाडू बॅटरी धरून एकेकाला हात देत होता. डॉक्टर चढले. ताई चढल्या. अजित एक मोठी निळी पेटी घेऊन चढला. आणि त्यांच्या मागून आणखी एक जण चढला. लांब रेनकोट, टोपी कपाळावर ओढलेली. त्याने हात घेतला नाही. सरळ गेला आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, आमच्याकडे पाठ करून बसला.

मी म्हटलं, डॉक्टरांचा ड्रायव्हर असेल.

विचारायला हवं होतं! नाही विचारलं. गिऱ्हाईक आहे, त्याला काय उगाच हटकायचं? असं वाटलं मला. गिऱ्हाईक! आणि निघाला कोण? सांगतो, सांगतो.

दीड तासाने नेहमीच्या जागी पोचलो. बांगड्याचे तुकडे लावून गळ टाकले. अर्धा तास झाला. तास झाला. काही नाही. एकसुद्धा मासा शिवेना. डॉक्टर कंटाळले. अजित जांभया द्यायला लागला. तेवढ्यात नाळेवरून आवाज आला, हळू, पण अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"जोडखडकाच्या पलीकडे तांब मासळी लागलीय."

मी चमकलो. कोल्हापूरच्या ड्रायव्हरला जोडखडक कसा ठाऊक? नकाशात नाव नाही त्याचं. ते दोन सुळके, मधून जेमतेम एक बोट जाईल एवढी फट. ते नाव फक्त आमच्या बंदराचं. हा माणूस इथे आधी आलाय, आणि मला सांगत नाहीये. का सांगत नाहीये?

डॉक्टर म्हणाले, "तो म्हणतोय तर जाऊया की, तांडेल."

आता बघा. माझ्या बापाने मला सांगितलं होतं, दिवस बुडाल्यावर त्या फटीत बोट घालायची नाही. माझ्या आज्याने त्याला सांगितलं होतं. पण गिऱ्हाइकापुढे घाबरट कोण ठरणार? घातली मी बोट. दोन्ही बाजूंनी काळा खडक, मधून आम्ही. पाणी एकदम गप्प झालं. लाट नाही, चुबुकसुद्धा नाही. पलीकडे गेलो, नांगर टाकला.

आणि मासे! काय सांगू! दोरी पाण्यात गेली की हिसका. एवढाली तांब! लालभडक! अजित ओरडायला लागला, ताई हसायला लागल्या. लाडूने चहा ओतला, सगळ्यांना दिला, एक पेला घेऊन नाळेवर गेला. परत आला तर पेला तसाच भरलेला.

"घेणां नाय म्हणता," लाडू माझ्या कानाशी म्हणाला. "आणि दादा, तो भिजलोहा. डोक्यापासून पायापर्यंत. पाणी गळता त्याच्या अंगातून."

पाऊस नाही. तुषार नाहीत. समुद्र तेलासारखा. मग हा भिजला कुठे?

मी उठलो. नांगराचा दोर बघायचं निमित्त करून नाळेवर गेलो. तो वळला नाही. पण बोलला.

"तांडेल, त्या निळ्या पेटीत काय आहे, विचारलंस? थोड्या वेळाने एक लाँच येणार आहे. हे लोक मागे साक्षीदार ठेवत नाहीत."

तेव्हा किनाऱ्यावर चोरट्या मालाच्या गोष्टी रोज ऐकायला यायच्या. मी मागे आलो. बघतो तर डॉक्टर त्या पेटीवरच बसलेले! पेटीवर, आणि हात खाली टेकवलेला.

मी म्हटलं, "उठा जरा, डॉक्टर. बर्फ आहे का बघतो त्यात."

"नको!" एकदम म्हणाले. मग हसून म्हणाले, "राहू दे. बर्फ दुसऱ्या पेटीत आहे."

संशय आला की तो एकटा राहत नाही बघा. पोरं घालतो! हे तिघे शहरातले, रात्रीचेच का आले? अमावस्येच्या तोंडावरच का? बाई कशाला आणली? म्हणजे कोणी शंका घेऊ नये म्हणून! असं एकावर एक माझ्या डोक्यात. तेवढ्यात अजित नाळेवर गेला. बराच वेळ तिथे उभा होता. परत आला, डॉक्टरांच्या कानात काहीतरी बोलला. मग दोघे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांचा उजवा हात कोटाच्या खिशात गेला, तो बाहेर येईना.

मग लाडू गेला. लाडू माझा जिवाचा माणूस, दहा वर्षं बरोबर. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येईना. बॅटरीच्या उजेडात डोळे नुसते.

"दादा," तो म्हणाला, "माझो भाव पाण्यात पडलो, तेव्हा तू दोर कधी टाकलंस?"

त्याचा भाऊ दोन वर्षांपूर्वी माझ्याच बोटीवरून गेला होता. वादळात.

मी म्हटलं, "हे आत्ता कुठून काढलंस?"

"सांग ना. कधी टाकलंस?"

मी म्हटलं, "इंजिन चालू कर. परत जायचं." त्याने हँडल मारलं. घरघर, आणि बंद. पुन्हा मारलं. बंद. आणि डॉक्टर उठून उभे राहिले.

"मुद्दाम करताय तुम्ही हे!"

मोठा मासा वर ओढायची लोखंडी आकडी असते ना, टोकदार? ती माझ्या हातात होती. कधी उचलली, मला आठवत नाही. डॉक्टर माझ्यासमोर, लाडू माझ्या मागे, अजित बाह्या सरसावलेला. एक शब्द वाकडा गेला असता तर त्या रात्री तिथे मुडदे पडले असते. खरं सांगतो.

ताई मध्ये आल्या. शाळेत ओरडतात तशा ओरडल्या, "थांबा! तांडेल, ती आकडी खाली करा. तुम्ही आम्हाला इथे लुटायला आणलंय का? सरळ सांगा."

"लुटायला? कोण म्हणालं?"

"तुमचाच माणूस म्हणाला. अजितला. तुम्ही दोघे पाहुण्यांना या खडकामागे आणता आणि बुडवता म्हणून."

"आमचा माणूस? कोणता?"

"तो पुढे बसलाय तो."

मी म्हटलं, "ताई, तो तुमचा ना? तुमचा ड्रायव्हर?"

ताई म्हणाल्या, "आमचा ड्रायव्हर धक्क्यावर गाडीत झोपलाय."

पाचही माणसं हळूहळू नाळेकडे वळली.

तो तसाच बसलेला. पाठ आमच्याकडे. खांदे हलायला लागले. हसत होता! आधी डॉक्टरांच्या आवाजात हसला. मग ताईंच्या. मग आणखी एका आवाजात, आणि तो ऐकून लाडूने माझा दंड असा धरला की पुढे आठ दिवस वळ होते. लाडूचा भाऊ तसा हसायचा.

मग नाळेवर कोणी नाही. 'डुबुक'सुद्धा झालं नाही. नुसती ओली फळी.

गिऱ्हा! बुडून मेलेल्याचं भूत, पाण्यात राहतं, माणसाला पाण्यात बोलावतं. लहानपणापासून ऐकलेलं. माझ्याच बोटीवर मीच घेऊन फिरत होतो त्याला.

डॉक्टरांनी पेटी उघडली. आत एक तांब्या, लाल फडकं बांधलेला. वडिलांच्या अस्थी होत्या. म्हाताऱ्याला गळाचा नाद, खोल समुद्रात सोडा म्हणून सांगून गेला होता. "अस्थी आहेत म्हटलं तर बोटीवर घेणार नाहीत, असं वाटलं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून लपवलं."

संपलं असं वाटलं? छे! लाडूने हँडल मारलं आणि इंजिन लगेच पेटलं. पहिल्याच झटक्यात! तेव्हाच कळायला हवं होतं. घाईत नांगराचा दोरही कोणी बघितला नाही. इंजिन चाललंय, पाणी कापल्याचा आवाज येतोय. यायला दीड तास लागला होता, पण अर्ध्या तासातच समोर दिवे दिसले. आपलं बंदर! धक्का दिसला, माड दिसले. धक्क्यावर कंदील घेऊन एक जण उभा. "साहेब, या! किती उशीर!" अजित म्हणाला, "आमचा ड्रायव्हर!" रडायलाच लागला तो. बोट धक्क्याला लागली. अजितने एक पाय बोटीच्या काठावर ठेवला.

आणि मला काहीतरी खटकलं. काय खटकलं? वास नाही! आपल्या बंदरात सुकत घातलेल्या मासळीचा वास मैलभर आधी येतो. नाकात काहीच नाही. कुत्रं भुंकत नाही. खोली मोजायचं शिसं पायाशी होतं, दोराला बांधलेलं. मी ते काठावरून सोडलं. धक्क्यापाशी ओहोटीला दोन वाव, म्हणजे दोन पुरुष पाणी. शिसं गेलं. पाच वाव. दहा वाव. वीस! दोर हातातून सरसरतोय, तळ नाही!

मी ओरडलो, "अजित, उतरू नको!"

आणि त्याच क्षणी माझ्याच आवाजात माझ्या शेजारून कोणीतरी म्हणालं, "उतर, उतर, घाबरू नको."

अजितने पाय उचलला. ताईंनी मागून त्याचा पट्टा धरला, लाडूने ताईंना धरलं, सगळे धाडकन बोटीत पडले. खालून शिशाच्या दोराला हिसका बसला. असा, की मी निम्मा काठाबाहेर! सोडला दोर. हाताची सालटी गेली. हे बघा, अजून खूण आहे. दिवे फटकन विझले. धक्का नाही, माड नाही. काळोख.

मग मी सांगितलं, मधोमध बसा, एकमेकांचे हात धरा. ज्याचा हात हातात आहे, त्याचंच ऐकायचं. बाकी कोणीही बोलावलं तरी ओ द्यायची नाही. आणि बोलावलं हो! रात्रभर! ताईंना त्यांच्या मुलीने बोलावलं, डॉक्टरांना वडिलांनी. ताई रडत होत्या, पण हात सोडला नाही.

उजाडलं तेव्हा बोट दोन सुळक्यांच्या तोंडाशी. नांगर तसाच खाली. आम्ही वीतभरही हललो नव्हतो. दोर कोयत्याने तोडला आणि लांबून वळसा घालून निघालो. मोकळ्या पाण्यात आल्यावर डॉक्टरांनी अस्थी सोडल्या, मग खिशातून उघडा चाकू काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मीही आकडी त्याच्या शेजारी ठेवली.

लाडूने मात्र पुन्हा विचारलं. दिवसाउजेडी, शांतपणे. "दादा, दोर कधी टाकलंस?"

मी खरं सांगितलं. उशिरा टाकला. भीतीने माझे हात चालले नाहीत. गिऱ्ह्याने त्या रात्री सगळ्यांच्या कानात खोटं ओतलं, लाडूला सांगितलं तेवढं एकच खरं होतं. लाडू धक्क्यावर उतरला, सायकल घेतली, गेला. पुन्हा माझ्या बोटीवर चढला नाही. बाजारात भेटला की मान हलवायचा, बस.

तर सुदेश, मासे कुठेही मिळतात. पश्चिमेने लांबून जा, डिझेल गेलं तर जाऊ दे. जोडखडकाच्या मधून बोट घालायची नाही. रात्री नाही, पहाटे नाही, पाहुणा पाया पडला तरी नाही. कबूल?

मान हलवू नको. तोंडाने बोल.